बर्फात अडकलेलं वाक्य

सँ-जाँ-द-लोन गावात ल्युसेत ब्रासले या बाईंना भीत नाही असं माणूस शोधून सापडायचं नाही. पाववाला आता चाळिशीचा आहे, दोन मुलांचा बाप आहे, पण दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूनं काही लिहीत असताना बाई येताना दिसल्या की त्याचा हात अजून थबकतो. एकदा त्यानं 'ताज्या भाजलेल्या' असं काहीतरी लिहिलं आणि शेवटचं एक अक्षर खाल्लं. बाईंनी त्याच्या हातातला खडू घेतला, अक्षर जागेवर बसवलं, खडू परत दिला, पाव काखेत मारला आणि चालू लागल्या. पाववाल्याची बायको आठवडाभर हसत होती.

बाईंची शाळा म्हणजे सोन नदीच्या काठावरचं बोटवाल्यांच्या मुलांचं वसतिगृह आणि त्याला जोडलेले दोन वर्ग. बोटवाले म्हणजे कालव्याकालव्यांतून मालबोटी नेणारी कुटुंबं. घर बोटीवरच. आईबाप गहू, कोळसा, रेती घेऊन देशभर फिरणार आणि मुलं सहा वर्षांची झाली की त्यांना काठावर उतरवून पुढं जाणार. मग सुट्टी लागली की बोट जिथं असेल तिथं पोरांनी जाऊन चढायचं. बोटवाले बाकीच्या जगाला 'काठावरचे' म्हणतात आणि त्या शब्दात फारसा आदर नसतो. ल्युसेतबाई स्वतः बोटीवर जन्मलेल्या. पण काठावर राहून, अडतीस वर्षं काठावरची भाषा शिकवून त्या नक्की कोणात जमा झाल्या होत्या, हे कुणीच त्यांना तोंडावर सांगितलं नसतं.

बाई फ्रेंच शिकवत होत्या, आणि त्यातही जीव एकाच प्रकरणात. होऊन गेलेल्या गोष्टी लिहायच्या कशा? फ्रेंच माणसाला 'मी गेलो' एवढं म्हणायलाही मदतनीस लागतो. मदतनीस दोन, एक 'असणं' आणि दुसरा 'बाळगणं'. जाणं, येणं, शिरणं, निघणं, चढणं, उतरणं, राहणं, जन्मणं, मरणं, अशी थोडी क्रियापदं 'असणं'कडे, बाकीचा सगळा बाजार 'बाळगणं'कडे. पहिल्या गटातली क्रियापदं कर्त्याप्रमाणे रूप बदलतात. दुसऱ्या गटातली कर्त्याला विचारत नाहीत. आपण 'भात खाल्ला, पोळी खाल्ली' हे झोपेतसुद्धा बरोबर बोलतो. त्यांच्याकडे पोळी वाक्यात आधी येऊन बसली असेल तरच 'खाल्ली' तिला मान देणार, मागून आली तर ओळखही दाखवणार नाही. आणि हा मान बहुतेक वेळा कानाला ऐकूच येत नाही. कागदावर एखादं मुकं अक्षर वाढतं, बस्स. त्यामुळे बोलताना सगळे पंडित आणि लिहिताना निम्मा देश नापास.

इतर शाळांत 'असणं'ची क्रियापदं शिकवायला फळ्यावर घर काढतात. दारातून शिरणं, जिना चढणं, खिडकीतून पडणं वगैरे. बोटवाल्यांच्या पोरांना घर कुठलं? म्हणून बाई कालव्याचं दार काढायच्या, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला तो पाण्याचा हौद, ज्यातून बोटी चढावर चढतात नि उताराला लागतात. बोट आली, शिरली, पाणी भरलं, बोट चढली, दरवाजा उघडला, निघाली. पोरांना हे शिकवावं लागत नसे. त्यातली निम्मी अशा दारांवरच चालायला शिकलेली.

सगळ्यांत शेवटी यायचं 'माल भरून', 'दार ओलांडून' असं आधी होऊन गेलेलं सांगणारं रूप. आपण एका '-ऊन'वर भागवतो. फ्रेंचांना तिथंही पुन्हा तो मदतनीस पुढं घालावा लागतो. हे शिकवताना बाई दरवर्षी तेच वाक्य म्हणत. "हे रूप म्हणजे दाराबाहेर थांबलेली बोट. पुढं मुख्य क्रियापद आलंच पाहिजे, नाहीतर ती बिचारी तिथंच थांबून राहते." एवढं बोलून त्या थोडा वेळ खिडकीकडे बघत. पोरांना वाटायचं, बाई बोटी मोजतायत.

अशा या बाईंचा एक नियम मात्र गावाला कधीच कळला नव्हता. बुधवारी दुपारी मुलांनी आईबापांना पत्र लिहायचं. त्या तासाला बाई आपली लाल पेन्सिल खणात टाकत, खणाला कुलूप लावत आणि किल्ली खिशात ठेवत. श्रुतलेखनात एक मुकं अक्षर चुकलं तर पोराला घाम फोडणारी ही बाई पत्रातल्या वाटेल त्या चुका तशाच पाकिटात जाऊ द्यायची. मुलांना आलेली पत्रंही त्या कधी वाचत नसत. लांबूनसुद्धा नाही.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये वसतिगृहात चौदा मुलं उरली होती. बाईंची निवृत्ती आणि वसतिगृहाला टाळं, दोन्ही एकाच उन्हाळ्यात होणार होतं. हाताखाली नोएमी नावाची तरुण शिक्षिका होती, हुशार आणि जिभेची मोकळी. शेवटून दुसऱ्या बुधवारी तिला राहवलं नाही.

"बाई, रागावू नका, पण हे बघा तरी. एका ओळीत चार चुका. निदान पेन्सिलीनं बारीक खूण करू?"

"हात लावायचा नाही."

"अहो, आईबाप काय म्हणतील? शाळेत हेच शिकवतात का म्हणून?"

"आईबापांना पत्रातून पोर हवं असतं, नोएमी. शाळा नको असते."

"आणि तसंही आता सगळ्यांकडे फोन आहेत. ही पत्रं वाचतंय कोण?"

बाईंनी पाकिटं जुळवत जुळवत विचारलं, "तुझ्या वडिलांच्या हातचं काही लिहिलेलं आहे तुझ्याकडे?"

नोएमीनं आठवून पाहिलं. "बाजाराची यादी असेल एखादी. आमच्या फ्रिजवर."

"जपून ठेव," बाई म्हणाल्या. बाईंच्या स्वतःच्या वडिलांच्या हातचं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. एक ओळही नाही. आणि वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, तिथून चारशे पावलांवर, धक्क्याला बांधलेल्या आपल्या जुन्या बोटीवर राहत होते.

हे असं का झालं, ते सांगायचं तर सत्तेचाळीस वर्षं मागं जावं लागेल.

फिर्मँ ब्रासले यांची बोट 'सेलेस्तीन'. ल्युसेत तिच्यावरच जन्मली आणि पाण्यात पडू नये म्हणून कमरेला दोरी बांधून तिच्यावरच वाढली. फिर्मँची स्वतःची शाळा म्हणजे बोट माल भरायला जिथं थांबेल तिथली, कधी अर्धा दिवस, कधी दोन. सगळी गोळा केली तर दीड वर्ष भरली असती. पण माणूस पत्राचा हौशी. ल्युसेतला काठावर ठेवल्यापासून दर शनिवारी त्याचं पत्र यायचं. कानावर शिसपेन्सिलीचं थोटूक असायचं, ते जिभेला लावून तो लिहायला बसायचा. सरकारी कागदपत्रांत त्यानं पाहिलं होतं की वाक्यं 'येऊन', 'करून', 'असून' अशी सुरू होतात. म्हणजे लिहायची रीत हीच, अशी त्यानं खूणगाठ बांधली. त्यामुळे त्याची पत्रं अशी सुरू व्हायची आणि तशीच संपायची. मुख्य क्रियापद त्याला कधी सापडलंच नाही, किंवा तिथवर पोचेपर्यंत कागद संपत असावा.

ल्युसेत ती पत्रं जिन्याखाली बसून वाचायची, ओठ हलवत. तसं वाचलं की त्यात एकही चूक नसायची, कारण मुकी अक्षरं ऐकू येतच नाहीत. ऐकू यायचे ते पापा.

वसतिगृहातल्या मादाम परूझ या शिक्षिका वाईट नव्हत्या. साठ पोरांच्या वह्या त्या रोज तपासायच्या आणि म्हणायच्या, "ज्या पानावर लाल खूण नाही, ते पान कुणी वाचलंच नाही असं समजा." आईपासून सहाव्या वर्षी तुटलेल्या पोरीनं हे वाक्य छातीशी धरलं. लाल खूण म्हणजे कुणीतरी आपल्याकडे पाहिलं. ज्या वर्षी ल्युसेतला अकरावं लागलं, त्या हिवाळ्यात होऊन गेलेल्या क्रियापदांच्या परीक्षेत ती पहिली आली. मादाम परूझनी तिला दुरंगी पेन्सिल बक्षीस दिली. एका टोकाला लाल, एका टोकाला निळी. पोर ती उशीखाली घेऊन झोपायची.

छप्पन सालच्या फेब्रुवारीत कालवे गोठले. असा गारठा म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. 'सेलेस्तीन' पुईच्या बोगद्याअलीकडे बर्फात अडकली. पुई म्हणजे बोट चालू असती तर लेकीपासून चारपाच दिवसांच्या वाटेवर. तिथून फिर्मँचं पत्र आलं.

पत्र वाचून पोरीला भरून आलं. इतकं भरून आलं, की पापांसाठी काहीतरी मोठं करावं असं तिला वाटलं. तिनं उशीखालची पेन्सिल काढली आणि लाल टोकानं पत्र तपासलं. एकही शब्द सोडला नाही. एकतीस चुका निघाल्या. प्रत्येक मुकं अक्षर तिनं सुबक लिहून जागेवर बसवलं. खाली, मादाम परूझ लिहीत तसंच, लिहिलं, 'वाक्य पूर्ण करा.' आणि गुण दिले, दहापैकी शून्य. मग जरा वाईट वाटून, 'पुढच्या वेळी नक्की जमेल,' असं लिहून सही केली. पाकिटात घालून पुईच्या दारवानाच्या, म्हणजे कालव्याचं दार सांभाळणाऱ्याच्या, पत्त्यावर पाठवून दिलं.

एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण शाळेत दुसरा एक नियम होता. कच्चं लिहिलेलं चुलीत, पक्की प्रत जवळ. पापांची पाच वर्षांची पत्रं बिस्किटाच्या डब्यात होती. ल्युसेतनं नवी वही घेतली आणि दहा दिवस बसून एकेक पत्र शुद्ध करून उतरवलं. जिथं क्रियापद नव्हतं तिथं घातलं, वाक्यं पूर्ण केली, समासही सोडला. आणि जसजशी पक्की प्रत होत गेली, तसतशी कच्ची पत्रं वर्गातल्या शेगडीत टाकली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. पोरीनं हे सगळं प्रेमानं केलं, आणि म्हणूनच त्याला आजवर कुणाला बोल लावता आला नाही.

पुढच्या शनिवारी पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आलं, ते आईच्या अक्षरात. 'आम्ही सर्व बरे आहोत. बर्फ वितळत आहे. पापा आठवण काढतात.' आई ओदिल काठावरची होती, शाळा पुरी केलेली, तिच्या पत्रांत एकही चूक नसायची आणि दुसरंही काही नसायचं. त्यानंतर फिर्मँनं कधीच लिहिलं नाही. गावोगावची चित्रं असलेली कार्डं यायची, मागं फक्त 'पापा'. पुढं तेही आईच लिहू लागली.

उन्हाळ्यात ल्युसेत बोटीवर गेली तर पापा अगदी पहिल्यासारखे. तिला खांद्यावर घेतलं, मासे तळून खाऊ घातले, दाराशी थांबलेल्या बोटवाल्यांना ओरडून सांगितलं, "बाजूला व्हा रे, शिक्षणमंत्री आल्यात!" फक्त कानावरचं थोटूक नव्हतं. काही लिहायची वेळ आली की म्हणायचे, "तू लिही बाई. तू शिकलेली." हसत म्हणायचे. त्यामुळे तिला काही विचारताच येईना.

मग ती शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. एकदा ठरत आलं होतं, मासाँ नावाचा आगबोटीचा कारकून होता, पण त्याची पत्रं फारच शुद्ध होती असं तिनं मैत्रिणीला सांगितलं म्हणे. मैत्रिणीला ती थट्टा वाटली.

वही तिच्याजवळ राहिली. वर्षातून एकदा तरी ती उघडायची आणि मिटायची. त्यात बर्फातल्या पत्राचा शेवटही तिनं आठवून शुद्ध करून लिहिला होता, 'तुझी आठवण येऊन मी दुःखी झालो.' दुःखी झालो, असं फिर्मँ जन्मात म्हणाला नसता. मग काय म्हणाला होता? आईच्या हातांबद्दल काही होतं. हात फुटून? हात सोलून? आणि एका झाडाबद्दल. शेगडीत बाकीचे कागद वळताना कसे दिसले ते तिला आठवत होतं, कुठल्याच कागदावरचं आठवत नव्हतं. स्वतःच्या बापाचे शब्द तिनं इतके नीट पुसले होते, की ते तिला स्वतःलाच सापडेनात.

पापा आपल्यावर रागावले, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. चौऱ्याण्णव साली आई गेली. पुढच्या जूनमध्ये बोटवाल्यांच्या सणाला, फुलांनी सजवलेल्या बोटींना पाद्रीबाबांचा आशीर्वाद मिळून, गेलेल्यांच्या नावानं नदीत फुलांचं कडं सोडून झाल्यावर, तेओ नावाचा पापांचा जुना सोबती तिच्याशेजारी येऊन बसला. पांढरी वाइन जरा जास्त झाली होती.

"तुझं ते लाल पत्र आलं ना, तेव्हा मी होतो तिथं," तो म्हणाला.

ल्युसेतच्या हातातला पेला खाली आला. "कुठलं लाल पत्र?"

"पुईला ग. बर्फात. दारवानाच्या खोलीत शेगडीभोवती आम्ही दहाबारा जण. फिर्मँ म्हणाला, पोरीनं चित्र पाठवलंय, बघा. आणि फोडलं. अगं, काय हसलो आम्ही! शून्य! बापाला!"

"आणि पापा?"

"तो सगळ्यांत जास्त हसला. 'बघा, माझी पोर!' म्हणाला. बोटीत भिंतीला टाचलं ते, तू उन्हाळ्यात यायच्या आत काढलं. पण दुसऱ्या दिवशी ओदिलला म्हणाला, आता तूच लिहीत जा. मी म्हटलं, लेका, पोरीचा राग धरतोस? तर म्हणतो कसा, राग कसला? पोर तिथं चांगली भाषा शिकतेय. तिला माझं लिहिणं वाचायला देणं म्हणजे स्वच्छ पाण्यात इंजिनाचं तेल सोडणं."

तेओ आणखी बरंच काही बोलला. तिनं ऐकलं नाही. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. तिचं भलं व्हावं म्हणून गप्प बसलेल्या माणसाला काय म्हणायचं? आणखी आठ वर्षं ती काही म्हणाली नाही. रोज सकाळी सातला पाव घेऊन बोटीवर जायची, कॉफी करायची, बाप बदकांबद्दल नि गळक्या पंपाबद्दल बोलायचा, आणि ती आठला शाळेत हजर व्हायची. रोज बोटीवरून धक्क्यावर टाकलेली फळी उतरताना तिच्या मनात यायचं, उद्या विचारू. पापा, मला एक पत्र लिहाल का? एकच. चुकांसकट. अहो, चुकांसाठीच.

तर नोएमीनं विचारलं, त्याच्या पुढचा बुधवार. शेवटचा. मुलं पत्रं लिहायला बसली. बाईंनी लाल पेन्सिल खणात टाकली, कुलूप लावलं, आणि मग अडतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतः एक कागद घेतला आणि मुलांच्या बाकावर जाऊन बसल्या. नोएमीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

सगळं लिहिलं. लाल खुणा, डबा, वही, शेगडी. 'तुमची पत्रं मी जाळली, पापा, आणि मी रचलेली वाक्यं तुमच्या तोंडी घातली. आता तुमचं काहीच माझ्याजवळ नाही. मला एक पत्र हवंय.' पाकिटावर तिकीट लावलं, पत्ता घातला, 'श्री. फिर्मँ ब्रासले, सेलेस्तीन, धक्का,' आणि चारशे पावलांवरच्या माणसाला पाठवायला टपालपेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सातला त्या पाव घेऊन गेल्या. पापा म्हणाले, बदकिणीला सात पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पंपाची चामडी चकती बदलायला हवी. चौथ्या दिवशी एक पिल्लू मांजरानं नेलं, त्याबद्दल पाद्रीबाबांच्या मांजराला त्यांनी ज्या शिव्या दिल्या, त्या पाद्रीबाबांना ऐकवण्यासारख्या नव्हत्या. पत्राचं नाव नाही. मिळालं नसेल? वाचताना डोळ्यांनी साथ दिली नसेल? की आताही तेच मनात असेल, स्वच्छ पाणी नि तेल? ल्युसेतबाईंच्या हातून त्या आठवड्यात दोनदा कॉफी उतू गेली. पापा म्हणाले, "निवृत्ती सोसत नाही बाबा तुला."

अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, पावासाठी बाहेर पडताना त्यांनी दारावरची पेटी उघडली. आत पाकीट होतं. त्यावर तिकीट आणि पोस्टाचा शिक्का. अक्षर थरथरतं, पण 'ल्युसेत'मधला 'ल' तसाच, शीड उभारल्यासारखा ताठ.

त्या तिथंच पायरीवर बसल्या.

आत कागद एकच होता. पिवळा पडलेला, चार कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं. त्यावर फिकट शिसपेन्सिल आणि अजून ठसठशीत असलेलं लाल. बाकी सगळी पत्रं तिनं जाळली होती. हे एकच राहिलं होतं, कारण हे तिनं परत पाठवलं होतं.

'जोआन्यीला गहू भरून, शंभरावर दारं चढून, बर्फ पडून बोट अडकून, आईचे हात भेगाळून, खिडकीतून रोज त्याच एका झाडाकडे बघून, त्यावर बसलेल्या कावळ्याला ल्युसेत म्हणून, तो उडून गेला की वाईट वाटून.'

कावळा! कावळा तिला अजिबात आठवत नव्हता. तिच्या वहीत कावळा नव्हताच. अकरा वर्षांच्या पोरीनं पक्क्या प्रतीतून तो गाळून टाकला होता, कारण कावळ्याला ल्युसेत म्हणणं शुद्ध दिसत नव्हतं.

त्याखाली तिचं लाल अक्षर. वाक्य पूर्ण करा. दहापैकी शून्य. आणि त्याखाली, उरलेल्या दोन बोटं जागेत, कडेनं वळत वर चढलेल्या नव्या पेन्सिलीच्या ओळी.

'बर्फ वितळून, पुई ओलांडून, फाटकाशी तुला उंच झालेली बघून, तू शिकून, तू शिकवून, ओदिल जाऊन, बोट विकायची नाही असं ठरवून, रोज सातला फळीवर तुझी पावलं ऐकून,'

पुढं कागद संपला होता.

बाई किती वेळ तिथं बसल्या होत्या कुणास ठाऊक. पाववाल्यानं त्यांना रिकाम्या हातानं दुकानावरून जाताना पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "बाई रडतायत." बायको म्हणाली, "गप बस, बाई कधी रडतात होय?"

फिर्मँ बोटीच्या टपावरच्या फुलझाडांना पाणी घालत होता. फळी वाजली तसं त्यानं वळून न बघताच म्हटलं, "आज उशीर."

"पत्र आलं."

"हं." तो पाणी घालत राहिला. "टपालवाला हसत होता. म्हणे, हातानं नेऊन द्यायचं. मी म्हटलं, तुला काय कळतंय? तू काठावरचा."

त्यानं झारी खाली ठेवली, खिशातल्या रुमालाला हात पुसले आणि मग तिच्याकडे पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण वर्गात पेपर हातात मिळायच्या वेळी पोरं बघतात, तसाच बघत होता.

"किती मिळाले?"

ती म्हणाली, "वाक्य अजून पूर्ण नाही झालं, पापा."

"कसं होईल?" म्हातारा म्हणाला. "मी अजून आहे की."

मग त्यानं तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "पाव राहू दे. कागद आण. शनिवार आहे, आणि त्या कागदावर तुझ्या लालनं जागाच ठेवली नाहीये."